मैत्रीवरून सोडलेला सप्टेंबरचा फुगा

सप्टेंबर २०१९ चा मध्य. अंटार्क्टिकावरच्या भारताच्या मैत्री स्थानकात ओझोन मोजायचा फुगा सोडायचा होता आणि सकाळपासून वारा पडायचं नाव घेत नव्हता. उंच हिमपठारावरून उतरत येणारा हा आग्नेयेचा वारा आमच्या सगळ्या कामांचं वेळापत्रक ठरवतो. शेडमध्ये फुगा भरून तयार होता, थर्माकोलच्या डब्यात ओझोनसाँड, म्हणजे ओझोन मोजणारं यंत्र, बंद केलेलं होतं. छोटा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात ओढतो आणि ओझोन जितका जास्त तितका वीजप्रवाह जास्त. मात्र द्रावण गोठलं तर सगळी मेहनत वाया, म्हणून हवामान खात्याची आम्ही माणसं तो डबा तान्ह्या बाळासारखा जपतो.

दुपारी वारा मंदावला. आमचा गाड्यांचा मेकॅनिक साताऱ्याकडचा, फुगा धरायला नेहमी आपणहून यायचा. त्यानं फुगा सोडला आणि मी धावत आत येऊन स्क्रीनसमोर बसलो.

खालचे आकडे नेहमीसारखेच होते. विसाव्या किलोमीटरच्या वर मात्र तापमान भराभर चढायला लागलं. या दिवसांत तिथं कडाक्याची थंडी असायला हवी. अशी ऊब साधारण महिना-दीड महिन्यानं दिसते. ओझोनही अपेक्षेपेक्षा बराच जास्त होता.

"सर, यंत्र बिघडलं का?" मेकॅनिकनं मागून विचारलं.

मलाही आधी तीच शंका आली. पण दाब, आर्द्रता, पंप, सगळं ठीक होतं. शिवाय उपग्रहांच्या नकाशांतही तेच दिसत होतं. ऑगस्टच्या अखेरीपासून खालच्या वातावरणातल्या अजस्र लहरी वर चढून ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड वाऱ्यांच्या भोवऱ्याला धक्के देत होत्या. भोवरा कमकुवत होऊन ध्रुवावरून सरकला होता आणि आतली हवा काही ठिकाणी चाळीस अंशांहून अधिक तापली होती. दक्षिण गोलार्धात असं क्वचितच घडतं. याआधीची मोठी घटना २००२ सालची.

जेवणाच्या टेबलावर बातमी आमच्या आधी पोचलेली. "म्हणजे ओझोनच्या थराचं भोक बुजलं तर!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. मला तो आनंद मोडायचा नव्हता, पण गप्पही बसवेना. मी सांगितलं की भोक पडायला तीन गोष्टी लागतात: हवेतला क्लोरिन, उणे ७८ अंशांखाली तयार होणारे ढग, आणि लांब रात्रीनंतर परतलेलं ऊन. त्या ढगांच्या कणांवर क्लोरिन मोकळा होतो, ऊन पडलं की ओझोन खायला लागतो. यंदा हवा तापली, ढग विरले. क्लोरिन होता तिथंच आहे. फ्रीजमधून सुटलेला सीएफसी-१२, म्हणजे क्लोरिन असलेला वायू, हवेत शंभरेक वर्षं टिकतो.

"मग मॉन्ट्रियल करारानं काही झालंच नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

झालं, आणि ते मी जोर देऊन सांगितलं. सीएफसीसारख्या वायूंवर बंधनं आणणारा १९८७ चा तो करार नसता तर क्लोरिन वाढतच गेला असता. आता तो हळूहळू कमी होतोय. पण ती सुधारणा दशकांच्या हिशेबात मोजायची, एका सप्टेंबरवरून नव्हे. हा फरक लोकांपर्यंत नीट पोचला नाही तर पुढच्या वाईट वर्षी ते म्हणतील, करार फसला. मला त्याचीच भीती वाटत होती.

त्या वर्षीचं भोक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीनंतरचं सर्वांत लहान ठरलं. २०२० मध्ये मी पुण्यात परतलो होतो. त्या वर्षी भोवरा घट्ट राहिला, भोक जवळपास अडीच कोटी चौरस किलोमीटरपर्यंत पसरलं आणि डिसेंबरच्या अखेरीपर्यंत मिटलं नाही. मेकॅनिकचा फोन आला.

"सर, बातमी वाचली. म्हणजे पुन्हा बिघडलं का?"

"नाही रे. वर थंडी जास्त होती. क्लोरिन गेल्या वर्षीपेक्षा थोडा कमीच आहे."

"मग पूर्ण कधी बुजणार?"

मी म्हणालो, सगळ्या देशांनी करार पाळला तर २०६० च्या दशकात. त्यानं लगेच मुलीचं वय मोजलं. तेव्हा ती पन्नाशीची असेल, म्हणाला.