तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी अडवलं की तुंबलं?

मराठी मजकूर तपासायचं काम करते म्हणून असेल, पण पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो: अडवणं, थोपवणं, तुंबणं, साचणं, सगळं एकच ना? कुठलाही शब्द घातला तर बिघडलं कुठे?

बिघडतं. अडवणारा कुणीतरी असतो आणि त्याला ते पाणी हवं असतं. आमच्या पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. नदीत ओळीनं खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, दुहेरी बसवतात आणि मधल्या फटीत माती ठासतात. पाणी अडतं, उसाला मिळतं. पावसाच्या तोंडावर बरगे काढून घेतात, कारण पुराचं पाणी कुणालाच अडवायचं नसतं. पूर थोपवतात, तोही जमला तर. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. तिथं काय थोपवता!

शेतातली भाषा आणखी वेगळी. रात्रीची लाईट असली की माणूस खोरं घेऊन ‘दारं धरायला’ जातो. सरी भरली की तिच्या तोंडाशी चार खोरी चिखल ओढायचा आणि पुढच्या सरीचं तोंड फोडायचं. इथं पाणी अडवलं असं कुणी म्हणत नाही, कारण ते थांबतच नाही, नुसतं वळतं.

तुंबण्याला मात्र कर्ताच लागत नाही. गटार तुंबतं, कामं तुंबतात, लघवी तुंबते. तरी त्यात निदान तक्रार असते. तुंबलं म्हटलं की नाला का साफ केला नाही, हे विचारता येतं. सरकारी पत्रकाला तेवढंही सोसत नाही, म्हणून तिथं कायम ‘सखल भागात पाणी साचले’. साचलं म्हणजे दोष पावसाचा. माझ्या हाती बातमी आली आणि खाली नाल्याचा उल्लेख असला, तर मी ‘साचले’ खोडून ‘तुंबले’ करते. बातमीदार कुरकुरतात.

रक्ताचंही विचारतात. रक्त थांबवायचं, रडू आवरायचं. अडते ती बाळंतीण, किंवा मग हरी, गाढवाचे पाय धरणारा.

आणि ‘पाणी तुंबवलं’ चालेल का? नाल्यात कुणी मुद्दाम भराव टाकला असेल आणि तुमच्याकडे फोटो असेल, तर खुशाल लिहा. कर्त्यासकट.