गुडघ्याएवढा मका

सोमवार, रात्र

जेवणं उरकल्यावर एक कोरा कागद घेतला आणि पत्र लिहायला बसले. माझं नव्हे, दुसऱ्या महायुद्धातल्या, जून १९४४ मधल्या एका मुलाचं. वय वीस. घर अमेरिकेत, आयोवा राज्यात. घरी मका, डुकरं, चार गाई. तो स्वतः पूर्व इंग्लंडात, अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानाच्या शेपटीत बसून मशीनगन चालवणारा गनर. हा मुलगा मी मनाशीच उभा केलाय. पण गेला महिनाभर रोज रात्री अशा मुलांची पत्रं वाचतेय आणि ती डोक्यातून जात नाहीत. त्यांना काय काय लिहिता येत नव्हतं, हे स्वतः लिहून पाहिल्याशिवाय कळणार नाही असं वाटलं.

नियम समोर मांडून ठेवले. तळ कुठे आहे ते लिहायचं नाही, ‘इंग्लंडमध्ये कुठेतरी’ एवढंच. विमानं किती, कसली, कुठे जाऊन आली, हे नाही. मित्र गेला, तर सरकारकडून त्याच्या घरी रीतसर कळेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. खुणेची भाषा वापरायची नाही. आणि लिहिलेलं सगळं आपल्याच तुकडीतला एखादा अधिकारी वाचणार, जो उद्या सकाळी आपल्याच ताफ्यात उडणार असतो.

तासाभरात माझ्या चार ओळी झाल्या. तब्येत बरी आहे. जेवण बरं आहे. तुमचं पत्र मिळालं. चौथी ओळ खोडली.

मंगळवार

कागदाबद्दल लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

जून १९४२ मध्ये अमेरिकेने व्ही-मेल सुरू केली. पत्र एका ठरावीक छापील कागदावर लिहायचं, एकाच बाजूला. त्याचा फोटो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर घेत, फिल्म विमानाने समुद्रापार जाई आणि तिकडे त्यावरून तळहाताएवढी प्रत छापून घरी पोचवत. दीड लाख पत्रांना टपालाच्या ३७ थैल्या लागत, ती फिल्मवर एका थैलीत मावत. ती वाचलेली जागा दारूगोळ्याला आणि औषधांना. सैनिकाला तिकीट लागत नसे. वाटेत फिल्म हरवली तर पुन्हा काढता यावी म्हणून मूळ कागद जपून ठेवत, आणि पत्र पोचल्याची खात्री झाली की तो नष्ट करत. म्हणजे आईच्या हातात यायचा तो मुलाच्या अक्षराचा फोटो. ज्या कागदावर त्याचा हात टेकला होता, तो कागद नाही.

आणि त्यात काही घालता येत नसे. शेतकऱ्याच्या घरी हे फार लागलं असणार. गव्हाची ओंबी, वासराचा फोटो, बहिणीने वाळवलेलं फूल, यातलं काहीही पाठवायचं तर साधं पाकीट हवं, आणि ते बोटीने गेलं की महिना धरायचा, कधी त्याहून जास्त. लोक तरीही पाठवत.

बुधवार

शेतकऱ्याच्या मुलाला तिथे काय दिसत असेल?

बाकीच्यांना तळ दिसायचा, याला शेत दिसायचं. पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोक आणि सफोकमधले ते तळ शेतजमिनीवरच उभे होते. झुडपांची जुनी कुंपणं उपटली, झाडं पाडली, आणि बार्ली-बीटच्या रानात काँक्रीटच्या धावपट्ट्या ओतल्या. उरलेल्या जमिनीत शेतकरी काँक्रीटच्या कडेपर्यंत नांगर धरत होता. विमानं उभी आहेत आणि त्यांच्या पंखांपलीकडे घोडे औत ओढतायत, असे फोटो आहेत. शेतीकामासाठी उभारलेल्या ब्रिटनच्या विमेन्स लँड आर्मीतल्या मुली शेतावर राबत होत्या. ऐन भरात त्यांची संख्या ८० हजारांच्या वर गेली. आयोवाच्या मुलाला ती शेतं परसाएवढी वाटली असतील. त्या युद्धात ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे असत, त्यामुळे रात्री दहा वाजताही उजेड. कापणीच्या दिवसांत फावला वेळ मिळाला की काही अमेरिकन मुलं शेजारच्या रानात पेंढ्या उचलायला जात. कुणी सांगितलेलं नसताना. मला हे अगदी कळतं. हाताला सवय असलेलं काम समोर चाललंय आणि आपण नुसते बघत उभे आहोत, हे शेतकऱ्याच्या पोराला जमत नाही.

हे मात्र त्याला लिहिता येत होतं. बार्ली कशी आहे, माती कशी आहे, इथे खत कसं पसरतात. म्हणून पत्रंच्या पत्रं शेतीने भरलेली. महिन्याभरापूर्वी मला ती कंटाळवाणी वाटली होती, दोन-तीन मी अर्ध्यात सोडली. आता परत काढून वाचतेय.

गुरुवार, उशिरा

जर्मनीतलं श्वाइनफुर्ट. १४ ऑक्टोबर १९४३. त्या दिवशी २९१ बी-१७ विमानं बेअरिंगच्या कारखान्यांवर गेली आणि ६० परत आली नाहीत. एका विमानात दहा माणसं. जी परत आली, त्यांच्या बराकीत त्या रात्री रिकाम्या खाटा होत्या. आयोवात ते मका काढणीचे दिवस.

त्या संध्याकाळी कुणीतरी घरी पत्र लिहिलंच असेल. त्यात काय असेल ते आता मी सांगू शकते: यंदा कणसं कशी भरली, धाकट्याला ट्रॅक्टर जमतो का. पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस अंशांत बोटं बधिर होतात, शेपटीतला गनर तासन् तास गुडघे टेकून बसलेला असतो, मागचं विमान पेटलं तर ते सगळ्यात आधी त्यालाच दिसतं, यातलं एक अक्षर नाही. सेन्सॉरने गाळलं असतं, हे खरं. पण सेन्सॉर नसता तरी आईला त्याने हे लिहिलं असतं का?

कारण लपवणं दोन्हीकडून होतं. मी वसतिगृहात होते तेव्हा बाबांची पत्रं यायची. पाऊस, पेरणी, आजीचा खोकला, सगळं. सुट्टीत घरी गेले तर गोठ्यात एकच दावं. दुसरा बैल तीन महिन्यांपूर्वीच विकलेला, माझी फी त्यातून भरलेली. त्या तीन महिन्यांत मला पाच पत्रं आली होती आणि प्रत्येकात बैलांची खुशाली होती. त्यांतलं एक मी आज काढून पाहिलं. ‘दोघे बरे आहेत,’ असं बाबांचं ठसठशीत अक्षर.

शनिवार

घराकडची बाजू. नोव्हेंबर १९४२ नंतर अमेरिकेत शेतीवर राबणाऱ्या तरुणांना कायद्यानेच लष्करभरतीतून सवलत मिळू शकत होती. मुलगा घरी राहू शकला असता. कित्येक राहिले, आणि त्यांनी देशाला जेवायला घातलं. मग जो गेला, त्याच्या मनात हे असणारच की माझ्या वाटणीचं काम म्हातारा करतोय. म्हणून प्रत्येक पत्रात विचारणं: गडी मिळाला का, टायर मिळाले का, कारण टायर, पेट्रोल, अवजारं सगळंच मोजून मिळत होतं.

आणि गडी कोण मिळाले? १९४४ मध्ये आयोवातल्या अल्गोना गावी जर्मन युद्धकैद्यांची मोठी छावणी सुरू झाली. ते कैदी आसपासच्या शेतांवर कामाला जात. ज्याचं पोर जर्मनीवर बॉम्ब टाकायला गेलंय, त्याच्या रानात जर्मन पोरं राबतायत, त्याच वयाची, आणि त्यांतली काही शेतकऱ्यांचीच. हे वाचून मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. हे घरच्यांनी मुलाला कसं लिहिलं असेल? मला वाटतं, अगदी साधं लिहिलं असेल, की कामाला बरी आहेत.

रविवार

पत्र पूर्ण करायचं ठरवलंच होतं.

तिकडे म्हण आहे, चार जुलैला मका गुडघ्याएवढा हवा. म्हणजे जूनअखेरीस गनरने विचारायचं ते हेच. व्ही-मेलला पोचायला दीड-दोन आठवडे, उत्तर यायला तेवढेच. प्रश्न घरी पोचेपर्यंत मका गुडघा सोडून वर गेलेला, उत्तर येईपर्यंत कणसं धरलेली. पण दोघांनाही मक्याचा हिशेब पाठ होता. पत्र कितीही उशिरा आलं तरी आज रानात काय चाललं असेल ते तिकडे बसून त्याला बोट ठेवून सांगता येत असे. त्याच्या दिवसांचा असा हिशेब घरच्यांना मांडता येत नव्हता. आधी २५ मोहिमा झाल्या की घरी पाठवत, १९४४ मध्ये त्याच्या ३० झाल्या, मग ३५.

कधीकधी तार आधी पोचायची आणि पत्र मागून. मुलगा बेपत्ता असल्याचं कळवणारी तार येऊन गेलेली, आणि मग रस्त्याकडेच्या टपालपेटीत त्याच्याच अक्षरातला तळहाताएवढा कागद. उलट घरून गेलेली पत्रं ‘बेपत्ता’ असा शेरा घेऊन न उघडता परत यायची. काही घरांतून पुढे युद्धकैद्यांच्या छावणीतलं कार्ड आलं. इंग्लंडातून उडणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची २६ हजारांवर माणसं मेली, त्या घरी कार्ड आलं नाही. केंब्रिजजवळ मॅडिंग्लीला अमेरिकनांचं दफनस्थान आहे. तिथल्या एका लांब भिंतीवर पाच हजारांहून जास्त नावं आहेत, ज्यांचा देह मिळाला नाही त्यांची.

माझ्या पत्रात आता आठ ओळी आहेत. इथली बार्ली पिवळी पडायला लागलीय. शेजारच्या शेतकऱ्याची घोडी व्यायलीय. आईने पाठवलेले मोजे मिळाले, ऊबदार आहेत. बाबांनी एकट्याने जू उचलायचं नाही. खाली थोडी जागा उरली होती, तिथे लिहिलं: मका केवढा झालाय?