मुंबईची अपॉइंटमेंट

ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन-अडीच महिने माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक द्राक्षवाल्यांचं असतं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, ओझर. कुणी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून रात्रीबेरात्री फवारण्या करून आलेला, कुणी मांडवाखाली मान वर करून घडांचं डिपिंग, म्हणजे एकेक घड औषधात बुडवणं, करून. दुखणं कशाने आलं हे त्यांना माझ्याआधी माहीत असतं. ‘ट्रॅक्टरने कंबर धरली’ असं म्हणतच दारातून आत येतात, आणि बहुतेकांचं खरंही असतं.

2024च्या डिसेंबरात निफाडकडचा एक बागायतदार आला, तिशीचा असेल. सोबत त्याचे दाजी. बोलायचं काम दाजींकडेच होतं. “मॅडम, जास्त काही नको. थोडा शेक द्या, करंट लावा. उद्या पहाटे मुंबईला निघायचंय, तेवढं गाडीत बसवलं पाहिजे.”

मुंबईला एका कायरोप्रॅक्टरची, म्हणजे हाताने झटका देऊन मणक्याचं दुखणं घालवणाऱ्याची, वेळ घेतली होती, पैसेही भरून झाले होते. दाजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. टेबलावर कुशीवर झोपलेला माणूस, त्याच्यावर ओणवा झालेला डॉक्टर, एक झटका, कडकड आवाज आणि लगेच उठून हसणारा तोच माणूस. मागच्या वर्षी दाजींची स्वतःची कंबर धरली होती तेव्हा ते तिथेच जाऊन आले होते. “जाताना मागच्या सीटवर आडवा होतो, येताना कसाऱ्याला उतरून वडापाव खाल्ला,” हे त्यांनी आल्यापासून दुसऱ्यांदा सांगितलं. मग जरा शिष्टाचार म्हणून, “आता आलोच आहोत तर तुम्हालाही विचारतो. जावं ना?”

आमच्या धंद्यातले काहीजण कायरोप्रॅक्टरचं नाव काढलं की नाक मुरडतात. मी मुरडत नाही. 1895 साली अमेरिकेत डॅनियल पामर नावाच्या गृहस्थाने हे सुरू केलं. मणका जागेवर बसवून एका माणसाचं गेलेलं ऐकू येणं परत आणलं, असा त्याचा दावा होता. तो दावा आज कुणी गंभीरपणे घेत नाही, पण साध्या कंबरदुखीत मणक्याला असा झटका दिल्याने काहींना आराम पडतो, हे मात्र खरं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2017मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून बघायचे जे उपाय दिले, त्यात शेक, मालिश, ॲक्युपंक्चर यांच्याबरोबर हाही आहे. ब्रिटनच्या 2016च्या सूचनांमध्येही आहे, फक्त व्यायामाच्या जोडीनेच करा अशी अट घालून. तिकडे या लोकांना परवाना लागतो, ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी 1994चा वेगळा कायदा आहे. आपल्याकडे तशी स्वतंत्र परिषद नाही, त्यामुळे पाटी वाचून कोण किती शिकलंय ते कळत नाही. बाहेर जाऊन शिकून आलेलेही आहेत आणि व्हिडिओ बघून हात साफ करणारेही.

हे सगळं दाजींना सांगत बसले नाही. म्हटलं, आधी बघते, मग सांगते.

पेशंट शर्ट काढायला उभा राहिला आणि माझं लक्ष त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेलं. शेवटच्या भोकाच्या आत आणखी एक भोक होतं, खिळ्याने पाडलेलं, कडा फाटलेल्या. विचारलं तर म्हणाला, “या सीझनला जरा वाळलो मॅडम. बागेच्या टेन्शनने जेवणच जात नाही.” दुखणं कधीपासून? भाद्रपदातल्या गणपतीपासून. रात्री? रात्री जास्त, पडून राहिलं तरी ठणकतं. ताप? ताप नाही, पण संध्याकाळी जराशी कणकण येते, औषध मारून आलं की तसं होतंच.

प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण होतं आणि एकेक कारण पटण्यासारखंही होतं. मला खटकत होती ती त्यांची बेरीज. साधी कंबरदुखी आडवं पडलं की कमी होते. हिला पडूनही चैन नव्हती.

माझ्या हातातला पेन मी खाली टाकला आणि त्याला उचलायला सांगितलं. हे आम्ही मुद्दाम करतो. कंबर दुखणारा माणूस कण्हत का होईना, थोडा तरी वाकतो. हा वाकलाच नाही. पाठ फळीसारखी ताठ ठेवून, गुडघे मोडून, एका हाताने मांडीचा आधार घेत खाली गेला आणि तसाच वर आला. पेन हातात देऊन म्हणाला, “असं केलं की दुखत नाही.”

मग पालथं झोपवून एकेक मणका बोटांच्या पेरांनी ठोकत खाली आले. खांद्यांच्या मध्ये काही नाही. बरगड्या संपतात त्याच्या जरा वर एका ठिकाणी ठोकलं आणि तो टेबलावरून उडालाच. तिथे हात फिरवला तर मणक्याचा एक उंचवटा इतरांपेक्षा बाहेर आलेला, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका. दुखणं तो कमरेत दाखवत होता, पण उगम वर होता. गावातून काढून आणलेला एक्स-रे पिशवीत होता. तो कमरेचाच होता आणि कमरेपुरता ठीकच होता. ज्या मणक्याने तो उडाला, तो त्या फिल्ममध्ये आलाच नव्हता. आला असता तरी फारसं कळलं असतं असं नाही, हाड बरंच झिजल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही.

शेवटी गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय नेहमीपेक्षा जोरात उडाला. घोटा धरून पाऊल झटक्याने वर दाबलं तर ते हातात थडथड उडत राहिलं, थांबेना. कंबरेतली नस दबली की हे झटके मंदावतात. ते असे वाढले तर दाब खुद्द मज्जारज्जूवर आहे असं समजायचं.

दाजींना म्हटलं, मुंबई रद्द करा. आज एमआरआय.

दाजी नाराज झाले. “म्हणजे तुम्हालाही शंकाच आहे ना? मग उद्या जाऊन येतो, परवा काढू एमआरआय. पैसे भरलेत.” मी त्यांना सरळ सांगितलं की तिथला मणका आतून पोखरलेला असू शकतो, शेजारी पू असू शकतो आणि अशा पाठीला कुणी झटका दिला तर पोराचे पाय जाऊ शकतात. तुमच्या कायरोप्रॅक्टरने नीट तपासलं तर तोही हात लावणार नाही. पण तपासेलच, या भरवशावर मी याला गाडीत बसवणार नाही.

आतापर्यंत होय-नाही एवढंच बोलणारा पेशंट शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, “मॅडम, चप्पल कशाने निसटत असेल?”

“कसली चप्पल?”

“बांधावरून चालताना डाव्या पायातली चप्पल मागंच राहते. चार पावलं गेल्यावर कळतं.”

घरी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एमआरआय कुठे होतो ते विचारलं.

मणक्याच्या एका सर्जनना फोन करून तपासणीत जे मिळालं ते सांगितलं. रात्रीपर्यंत फिल्म हातात होती. छातीच्या भागातले खालचे दोन मणके आणि त्यांच्या मधली गादी खाल्ली गेली होती, दोन्ही बाजूंना पू साठला होता आणि त्याची एक जीभ मज्जारज्जूवर दाबत होती. सुईने नमुना काढला. जनुकांवर चालणाऱ्या यंत्रात तो टाकला की काही तासांत उत्तर येतं, जंतू कोणता आणि त्यावर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही. उत्तर आलं टीबी, औषधांना दाद देणारा.

घरात पहिला प्रश्न आईचा. “खोकला नाही, काही नाही, पोराला टीबी कसा?” जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि हाडांच्या टीबीत मणक्याचा सगळ्यात जास्त. जंतू फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि मणक्यात जाऊन बसतो. तोवर फुप्फुसात काही दिसेलच असं नाही. याची छाती साफ होती, म्हणजे त्याच्यापासून घरात पसरण्याची भीती जवळजवळ नव्हती. तरी आईने ताट-वाटी वेगळी काढली होती. ती परत मांडणीत ठेवायला लावली. सरकारी माणसं घरच्यांचीही तपासणी करून गेली.

पायात ताकद शाबूत होती म्हणून सर्जननी लगेच चाकू लावला नाही. औषधं सुरू करून रोजच्या रोज पाय बघायचे, जरा जरी घसरण दिसली तरी ऑपरेशन, असं ठरलं. छातीपासून कमरेपर्यंत पाठीला आधार देणारा ब्रेस, ट्रॅक्टर बंद, फवारणी बंद. औषधं सरकारी कार्यक्रमातून फुकट, किमान बारा महिने, गरज पडली तर अठरापर्यंत. आहारासाठी महिन्याला हजार रुपयेही खात्यावर येतात. आदल्याच महिन्यात, नोव्हेंबरात, ते पाचशेचे हजार झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्याचा घाबरून फोन आला, लघवी केशरी होतेय म्हणून. रिफाम्पिसिनने होतेच. कुणी आधी सांगितलं नसेल तर माणूस तेवढ्यावरून गोळ्या टाकून देतो. ते मलाच आधी सुचायला हवं होतं, म्हणून मी आता असे पेशंट पाठवतानाच सांगून ठेवते.

बाग त्या वर्षी भावकीतल्यांनी सांभाळली. घोट्याची थडथड हळूहळू कमी होत गेली. सर्जननी परवानगी दिल्यावर तो माझ्याकडे व्यायामाला येऊ लागला. आधी ब्रेस घालून नुसतं चालणं, मग पाठीचे स्नायू. पट्ट्याचं खिळ्याचं भोक रिकामं पडलं. मणक्याचा उंचवटा राहिला, तो राहणारच.

त्याला आणायला दाजीच यायचे आणि बाहेर बाकड्यावर बसून असायचे. एक दिवस आत आले ते स्वतःची कंबर धरून. कांद्याच्या गोण्या उतरवताना उसण भरली होती. “मग आता मी जाऊ का नको मुंबईला? आमच्याकडं तर सगळे म्हणतात, मरता मरता वाचलो म्हणून.”

त्यांना तेच प्रश्न विचारले. रात्री दुखत नव्हतं. ताप नाही, वजन उलट वाढलेलं. लघवी-संडास ठीक, बैठकीच्या जागी बधिरपणा नाही. पेन टाकला तर कण्हत, शिवी हासडत, पण वाकून उचलला. हातोडीला पाय हवा तेवढाच उडाला.

“जायचं तर जा,” म्हटलं. “पण त्यांना आधी तपासायला सांगा. दुखतंय कमरेत, तर मानेला झटका देऊ देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला क्वचित इजा होते, आणि झाली तर महागात पडते.”

“आणि तो आवाज? हाड जागेवर बसतं त्याचाच ना तो?”

सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते त्याचा तो आवाज. कॅनडातल्या संशोधकांनी 2015मध्ये बोटं मोडताना एमआरआयमध्ये ते टिपलंय. हाड जागचं हललेलंच नसतं, मग बसणार कुठे? आवाज आला नाही तरी आराम पडू शकतो, आणि आवाज येऊनही पडत नाही.

दाजींना हे फारसं आवडलं नाही. मी सांगितलं की न जाताही बहुतेक उसणी काही आठवड्यांत सुटतात, फक्त अंथरूण धरायचं नाही, चालत राहायचं, आणि हे तीन व्यायाम. एकेक करून घेतला. तिसऱ्याला म्हणाले, “मुंबईचे किती घेतात माहितीय ना? आणि तुम्ही घरी करायला लावता.”

“मग जाणार?”

“बघू. गोण्या संपल्या की ठरवतो,” म्हणाले आणि व्यायामाचा कागद घडी करून खिशात टाकला.