शुक्रवारी रात्री दोनला

अलर्ट कोणाला कधी वाजायचा ते सेट करणं हे दिसायला किती फालतू काम, वार टाका, वेळ टाका, सेव्ह. मलापण तसंच वाटलेलं. आमच्याकडे नागिओस आहे, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवून काही बिघडलं की अलर्ट पाठवणारं सॉफ्टवेअर, जुनं पण ठणठणीत, 1999 ला नेटसेंट म्हणून आलं आणि पुढे ट्रेडमार्कच्या भानगडीत 2002 मध्ये नाव बदललं, त्या नवीन नावाचा फुलफॉर्म साधारण 'आता संतपणाचा हट्ट धरणार नाही' असा आहे. बरोबरे, तो संतपणा तेव्हापासून ऑन-कॉल माणसाच्या, म्हणजे अलर्ट आला की उठून बघायची पाळी असलेल्याच्या, गळ्यात पडलाय.

तर शुक्रवार रात्र माझी. दहा ते सहा. मी सरळ 22:00-06:00 लिहायला गेले तर सीनियर म्हणाला अगं असं नाही चालत, बाराला दिवस संपतो, रात्रीचे दोन तुकडे कर. केले. फ्रायडेच्या पुढे 22:00-24:00, मग कॉमा, मग 00:00-06:00. एका ओळीत, कसं सुटसुटीत. कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाईल, चेक केली, एकही एरर नाही, रीलोड मारला आणि निघाले.

त्याच रात्री दोनला एका लॉग फाईलने डिस्क गच्च भरली आणि मी ढाराढूर. सहानंतर सकाळच्या शिफ्टवाल्याला मेसेज गेला, त्याने मला फोन केला, "काय गं, रात्रभर कुठे होतीस?" मी म्हटलं अरे मला काही आलंच नाही, आणि तो ज्या पद्धतीने 'हं' म्हणाला ना!

मग फाईल उघडून बघत बसले. दहा मिनिटांनी ट्यूब पेटली. फ्रायडेचे 00:00 ते 06:00 म्हणजे शुक्रवारची पहाट, म्हणजे आपल्या भाषेत गुरुवारची रात्र! आपण बिनधास्त 'शुक्रवारी रात्री दोनला' म्हणतो पण मशीनच्या लेखी तो केव्हाच शनिवार झालेला असतो. दुसरा तुकडा सॅटर्डेच्या ओळीत हवा होता. एका कॉमाने माझे बारा वाजवले.

हात घातलाच होता तर बाकीचंपण आवरलं. डिस्क ऐंशी टक्के झाली वगैरे वॉर्निंगला रात्री उठवायचं नाही, फक्त क्रिटिकल. एकदा चेक फेल झाला की लगेच बोंब नाही मारायची, अजून दोनदा बघून मगच, हे सेटिंग मला फार समजूतदार वाटतं, काही माणसांनापण असायला हवं होतं. अलर्टचा रिपीट मात्र साठ मिनिटांवरच ठेवला. शून्य टाकलं तर एकदाच वाजून गप्प बसतो, आणि अर्धवट झोपेत फोन पालथा करून परत झोपणारी मी स्वतःला चांगली ओळखते.

परवा टीममधल्या नवीन पोराने विचारलं, ताई, शुक्रवारी रात्री एकला मेंटेनन्स आहे, डाउनटाइम लावून ठेवू का, म्हणजे तेवढा वेळ अलर्ट गप्प?

म्हटलं वार नको रे बाबा, तारीख सांग.