शर्मन टेकडीवरचा पिरॅमिड

यलोस्टोनबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. गर्दी होती, गीझर उडाला, जेवण महाग होतं.

परतताना वायोमिंग राज्यातल्या लॅरमी शहराच्या पुढे भाच्याने हायवे सोडून गाडी मातीच्या रस्त्याला घातली. ओसाड माळ, झाड नाही, टपरी नाही, वारा असा की गाडीचं दार धरून उघडावं लागतं. आणि मधोमध 60 फूट उंच ग्रॅनाइटचा पिरॅमिड! ओक्स आणि ऑलिव्हर एम्स या भावांचं स्मारक, अमेरिका आरपार जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेमार्गाचा पूर्वेकडचा भाग बांधणाऱ्या युनियन पॅसिफिक रेल्वेने 1880 ते 1882 मध्ये उभारलेलं. ती रेल्वे उभारण्यात या भावांचा मोठा हात होता. रिचर्डसनसारखा नामांकित वास्तुरचनाकार, सेंट-गॉडन्ससारखा शिल्पकार. एका बाजूला ओक्सचा चेहरा, दुसरीकडे ऑलिव्हरचा. दोघांचीही नाकं कुणीतरी उडवली आहेत. मला फारसं वाईट वाटलं नाही.

कारण हा ओक्स कोण? मॅसॅच्युसेट्सचा फावड्यांचा कारखानदार आणि तिथूनच निवडून गेलेला अमेरिकन काँग्रेसचा सदस्य. सरकार रेल्वेला मैलामागे कर्जरोखे देत होतं: सपाटीवर 16,000 डॉलर, डोंगरात 48,000. शिवाय जमीन. अशा हिशेबात सरळ रस्ता कोणाला हवा? ओमाहाजवळ ड्युरंट या कंपनीच्या कारभाऱ्याने मार्गाला असा वळसा दिला की नऊ मैल वाढले. पण खरी कमाई कंत्राटात होती. रेल्वेवाल्या मंडळींनीच क्रेडिट मोबिलियर नावाची बांधकाम कंपनी हाताशी धरली आणि फुगवलेल्या दराने तिलाच कामं दिली. देणारेही तेच, घेणारेही तेच. दिल्लीत चौकशी नको म्हणून काय करतात ते आपल्याला शिकवायला नको. वॉशिंग्टनमध्ये ओक्सने तेच केलं. क्रेडिट मोबिलियरचे चढ्या भावाचे शेअर काँग्रेसमधल्या सहकाऱ्यांना मूळ किमतीत वाटले, आणि ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांतल्या काहींची किंमत लाभांशातूनच वळती करून घेतली. वर सगळं टिपणवहीत लिहून ठेवलं! 1872 मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्राने भांडं फोडलं. पुढच्या फेब्रुवारीत सभागृहाने ओक्सवर निषेधाचा ठराव केला आणि मे महिन्यात तो वारला. शेअर घेणारे बहुतेक मात्र सहीसलामत सुटले. यावर माझा जीव जास्त जळतो.

"पण मामा, रेल्वे तर झाली ना?" इति भाचा. हे वाक्य मी पुण्यातही उड्डाणपुलांबद्दल फार ऐकलंय. झाली, 1869 मध्ये झाली. पण इथे रूळ कुठेत? पूर्वी इथे शर्मन गाव होतं, त्या अखंड मार्गावरचं सर्वात उंच ठिकाण, 8,000 फुटांच्या वर. 1901 मध्ये कंपनीने मार्ग दक्षिणेला हलवला, गाव उठलं, आणि गाडीच्या खिडकीतून दिसावा म्हणून बांधलेला पिरॅमिड गाडीविना राहिला.

पुढच्या शायन शहरापर्यंत आमचा वाद चालू होता. ओक्सच्या वहीत काँग्रेस सदस्य जेम्स गारफील्डच्या नावापुढे 329 डॉलर होते. त्याने इन्कार केला. 1880 च्या निवडणुकीत विरोधकांनी भिंतीभिंतींवर 329 रंगवलं, तरी तो राष्ट्राध्यक्ष झालाच. तेव्हा हा पिरॅमिड अजून बांधून व्हायचा होता. आणि हायवेवरून इकडे वळायच्या एक्झिटचा क्रमांक? 329. योगायोगच असणार, पण भाच्याला मी तसं सांगितलं नाही.