सतरंजीचं टोक

काल चार बोटं होतं, आज तीनच भरलं.

जेवण झालं की मी माशांच्या टाकीसमोर स्टूल ओढतो. दोनच्या सुमाराला दिवे पुरते उजळतात, आतली दोन्ही जिवंत कार्पेटं फुगून पसरतात, आणि मी काचेला उजव्या हाताची बोटं आडवी लावून त्यांच्यामधली जागा मोजतो. घरात पट्टी आहे. पण पट्टीनं मोजलं की सेंटिमीटर येतात, आणि सेंटिमीटर वाचून मला काही होत नाही. बोट कमी झालं की पोटात कालवतं.

म्हणजे हिरवी सरकली. किंवा तपकिरी. दोघींपैकी एकीनं रात्री बूड हलवलं हे नक्की. कोणी ते कळायला मार्ग नाही, कारण सकाळी दोघींचे चेहरे सारखेच निर्विकार.

कार्पेट म्हणजे कार्पेट ॲनिमोन, समुद्रफूल नावाच्या प्राण्यातला पसरट प्रकार. फुलासारखं त्यात फारसं काही नाही. वाळूत पाय रोवलेली एक मांसल तबकडी, कडेनं झालर, वर आखूड बोंडांची दाट लव आणि बरोब्बर मध्ये तोंड. आत जायला आणि बाहेर यायला तेवढं एकच दार, आमच्या जुन्या चाळीसारखं. दुकानदारापासून हौशी मंडळींपर्यंत सगळे 'कार्पेट' म्हणतात. मी मनातल्या मनात सतरंजी म्हणतो. गालिचा आमच्या घरात कधी नव्हता, त्यामुळे तो शब्द तोंडात बसत नाही. आणि सतरंजी म्हटलं की ती ती होते, म्हणून या दोघी.

टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हिशेबानं साडेपाचशे लिटरवर पाणी, वाळू-दगड वजा जाता पाचशे धरा. डोंबिवलीत तळमजल्यावर घर घेतल्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा. वरच्या मजल्यावर असतो तर सोसायटीनं अर्धा टन वजनाचा हिशेब मागितला असता. दगड सिरॅमिकचे आहेत. प्रवाळ नाहीत. ते २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलेले आहेत, आणि वाघ काही मी घरात ठेवत नाही. तेव्हा प्रवाळाशिवायचा समुद्र. आरओचं पाणी काढायचं, बादलीत मीठ विरघळवायचं, खारटपणा, म्हणजे पाण्याची सापेक्ष घनता, १.०२५ आला की टाकीत. आरओचं फेकायचं पाणी फरशी पुसायला. "खारं पाणी करायला गोडं पाणी नासायचं," ही म्हणते, "आणि समुद्र कुठे, तर पन्नास किलोमीटरवर." यावर माझ्याकडे उत्तर नाही. समुद्राचं पाणी मुंबईहून आणावं असं त्या समुद्राकडे पाहून वाटत नाही.

दोन कार्पेटं एका टाकीत म्हटल्यावर एकत्र कुटुंबाची उपमा आता येणार, हे तुम्ही ओळखलं असेल. येणार नाही. दोन जावा, एक चूल, भांड्याला भांडं लागणारच वगैरे जे काही आहे ते माझ्या मेहुण्यानं पहिल्याच दिवशी टाकीसमोर उभं राहून बोलून घेतलं. शिवाय ती उपमा चुकीची आहे. या दोघी भांडत असतील तर आवाज होत नाही, भांडं लागत नाही, एकमेकींना स्पर्शही करावा लागत नाही. जे काय सोडायचं ते पाण्यात सोडतात. वेगवेगळ्या जातीची ॲनिमोन एका टाकीत ठेवली की बऱ्याचदा असं होतं: एक टुमटुमीत, दुसरं दिवसेंदिवस आक्रसत जातं आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जाणकार सांगतात की ठेवायचीच असतील तर एकाच जातीची ठेवा, पाणी बदलत राहा, फिल्टरमध्ये कार्बन टाका. आमच्या दोघी हॅडनी जातीच्या. एकाच जातीच्या असल्या की एकमेकींवर पसरल्या तरी बहुधा काही होत नाही, असंही तेच जाणकार सांगतात. त्यातला 'बहुधा' माझी झोप घालवतो.

हॅडन हा खरोखरीचा माणूस होता, आल्फ्रेड हॅडन. १८८८ साली तो ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरच्या टॉरेस सामुद्रधुनीत समुद्रातले प्राणी तपासायला गेला आणि बेटांवरच्या माणसांतच रमला. १८९८ ला पुन्हा गेला तो मोठं पथक घेऊन, माणसांचा अभ्यास करायला. प्राणिशास्त्र मागे पडलं ते पडलंच. मधल्या काळात, १८९३ मध्ये, या सतरंजीला कुणीतरी त्याचं नाव देऊन टाकलं होतं. मला हा गृहस्थ आवडतो. बघायला एक जावं आणि बसून राहावं दुसरंच बघत.

हाताला हॅडनी फार चिकटते. नवी होती तेव्हा हिरवीला वाळूत बसवताना मनगट तिच्या लवेला लागलं, तर आख्खी झालर हाताबरोबर वर आली. दुखलं नाही, पण सोडेना. हळूहळू सोडवून घेतलं तेव्हा मनगटावर लाल पट्टा आणि केस गायब. दंशपेशी मारते ती. मासा असता तर संपला असता, आणि खरंच संपतात. म्हणून टाकीत दुसरे मासे फार नाहीत. एकच जोडी, क्लार्की जातीच्या क्लाउनफिशची. हे दोघे तिच्या लवेत लोळतात, तिला काही वाटत नाही आणि यांना काही होत नाही. क्लार्कींचं बरं असतं. क्लाउनफिशना घर देणाऱ्या ॲनिमोनच्या दहा जाती आहेत, आणि क्लार्की दहाही ठिकाणी राहतात. मंगळवारी आणि शुक्रवारी मी चिमट्यानं कोळंबीचा तुकडा देतो. हिरवी मूठ वळावी तशी मिटते. ती मिटायच्या आत क्लार्कीनं तो तुकडा तिच्या तोंडातून ओढून तपकिरीवर नेऊन टाकल्याचं मी दोनदा पाहिलंय. हेतू काय असेल देव जाणे.

तीन बोटं.

आमच्या घरात सतरंज्या घालायचं काम माझं होतं. रत्नागिरीजवळचं घर, ओटी, पडवी, पुढे खळं. भजन असो, सत्यनारायण असो, मुलगी बघायला पाहुणे येणार असोत, माळ्यावरून सतरंज्यांची वळकटी मी खांद्यावर घेऊन उतरायचो. आप्पाकाका दारात उभे राहून बघायचे. सतरंजीवर सतरंजी चढवायची नाही, हा त्यांचा नियम. "चार बोटं सोड रे. चढवलीस की टोक वर येतं, आणि त्याच टोकाला अडखळून नेमका भटजी पडतो." भटजी कधीकाळी पडले असावेत, कारण हे ते फार मनापासून सांगायचे. मी चार बोटं मोजून जागा सोडायचो, मग भिंतीशी जाऊन एक डोळा मिटून कडा समांतर आहेत का बघायचो. अजून कुणाच्या घरी गेलो की पायपुसणं वाकडं दिसलं तर सरळ करतो, पायानं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. ही म्हणते, सगळ्यांच्या लक्षात येतं.

त्यातली एक सतरंजी मोठी होती. निळे-तांबडे पट्टे, पंधरा माणसं आरामात मांडी घालतील एवढी, आणि एका कोपऱ्यात काळ्या ऑइलपेंटनं आजोबांची आद्याक्षरं. लग्नाकार्यात दुसऱ्यांच्या घरी गेली तर परत यायला हवी म्हणून.

मी सहावीत असताना वाटणी झाली. आप्पाकाका आणि माझे वडील, मध्ये गावचे दोन मोठे माणूस. भांडणबिंडण काही नाही. सगळं घर त्या मोठ्या सतरंजीवर आणून मांडलं होतं. घंगाळ, हंडे, कळशा, परात, समया, दोन पाटे आणि त्यांचे वरवंटे. एकेक उचलायचं, 'हे इकडे', 'हे तिकडे'. आई आणि काकू उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता. तासाभरात सतरंजी रिकामी झाली, आणि मग लक्षात आलं की एक वस्तू राहिली आहे. तिच्यावरच सगळे बसले होते. मोठे माणूस म्हणाले, "हिचं काय?" कुणी उठेना. कापायची तर कशी, आणि उठल्याशिवाय उचलायची कशी. शेवटी वडील म्हणाले, "ती दादाकडे राहू दे. लागली तर मागून घेऊ."

कधी मागितली नाही. लागली बऱ्याचदा. पडवीत मधोमध विटांची भिंत उभी राहिली होती, पलीकडच्या बाजूला काकू दळायला बसली की जात्याचा आवाज इकडे यायचा, पण सतरंजी मागायला कुणी गेलं नाही. आमच्या बाजूला छोट्या दोन पुरवून पुरवून वापरल्या. मी चार बोटं सोडतच होतो. बघायला दारात कुणी नसायचं, तरी.

मग आजी गेली. आमच्या बाजूला. तेराव्याच्या आदल्या रात्री चुलतभाऊ ती सतरंजी खांद्यावर घेऊन आला, ओटीवर टाकली आणि काही न बोलता गेला. मी उलगडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास. घडीवर रंग उडाला होता. इतक्या वर्षांत तीही बहुधा कुणी वापरली नव्हती.

ती सतरंजी कुठे गेली नंतर, ते आठवत नाही. विचारायला आता आप्पाकाका नाहीत.

मधल्या एका हिवाळ्यात हाजीअलीला गेलो होतो. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी मोठ्या ओहोटीला लोकांना किनारा दाखवायला नेतात, त्यांच्या मागून. चपला हातात घेऊन गाळातून चाललो होतो आणि एकदम पाय उचललेलाच राहिला. खाली हॅडनी. हीच, माझ्या दिवाणखान्यातली, गाळानं माखलेली, पाणी ओसरल्यामुळे ओल्या पोतेऱ्यासारखी पडलेली. शेजारी गुटख्याची पुडी. चार पावलांवर दुसरी. इकडे मी खारटपणा तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सांभाळतो, मे महिन्यात पाण्यावर पंखा लावून ठेवतो, लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी पंप आणि मग आमचा फ्रीज. आणि ही बाई मुंबईच्या सांडपाण्यात, पावसाळ्याच्या गोड्या लोंढ्यात, उन्हात तापत, मजेत. त्या दिवशी घरी येऊन मी टाकीकडे जरा रागानंच पाहिलं.

राग मला करायचा हक्क नाही. माझी पहिली कार्पेट माझ्याच चुकीनं गेली. पाणी खेळतं ठेवायला टाकीत छोटा पंखा असतो, वेव्हमेकर म्हणतात, त्याला जाळी लावायची राहिली होती. नवी कार्पेट जागा शोधत फिरते आणि पंख्यात ओढली जाते, हे वाचलेलं होतं, तरी. सकाळी सहाला दिवाणखान्यात आलो तेव्हा टाकी दिसत नव्हती. काच होती, आत पातळ ताकासारखं पांढरं काहीतरी. वास असा की शेजारच्यांनी गॅस तपासला. दोन दिवस बादल्या उपसल्या. मासे एकूण चार होते.

तेव्हापासून जाळी दोन पदरी आहे, आणि बोटं मोजणं सुरू झालं.

"ही किती वर्षं जगतात?" हिनं मागे एकदा सहज विचारलं. चुकलं तर आठ दिवस, असं म्हणणार होतो, पण मला एडिंबरोची आजीबाई आठवली. तिला 'ग्रॅनी'च म्हणायचे. कार्पेट नव्हे, साधं लालसर समुद्रफूल, वाटीत मावेल एवढं. जॉन डॅलियल नावाच्या निसर्गअभ्यासकानं १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून ते उचललं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. तो १८५१ मध्ये वारला. बरणी दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे. १८८७ साली आजीबाई गेली. एकोणसाठ वर्षं, हातोहात. कुणीतरी प्रत्येक वेळी पाणी बदललं असणार, तुकडा भरवला असणार, आणि मरताना कुणाला तरी सांगितलं असणार, की एवढं बघ.

हिनं ऐकून घेतलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे तुमच्या मृत्युपत्रात यांचीही नावं घालायला हवीत."

मुलगा बंगळुरूला असतो. भाड्याच्या घरात, अकराव्या मजल्यावर. त्याला मी अजून विचारलेलं नाही. एकीला घेशील का, असं विचारायचं की दोघींना, हेही ठरत नाही. वेगळ्या केल्या तर निदान अंतराचा प्रश्न मिटेल. पण क्लार्की कुणाकडे?

पावणेचार. दिवे आता हळूहळू उतरायला लागतील, दोघी कडा आवळून घेतील आणि मधली वाळू पुन्हा रुंद दिसेल. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येतोय. हिरवीची झालर पाण्याबरोबर हलतेय, एकदा तपकिरीकडे, एकदा परत. क्लार्की मधल्या जागेत उभा, दोन्हीकडे पाठ करून.

मी पुन्हा हात काचेला लावला. तीनच. अंगठा धरला तर चार.