आमची वाटचाल : लातूरच्या शिकवण्यांच्या गर्दीतला चित्रकलेचा वर्ग

लातूरमध्ये चित्रकलेचा वर्ग चालवून पोट भरता येते, यावर आजही पुष्कळांचा विश्वास बसत नाही. मूल आठवीत गेले की ज्या शहरात घरोघरी 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची भाषा सुरू होते, तिथे नुसत्या रेषा आणि रंग शिकवण्यासाठी कोणी जागा भाड्याने घेतो याचे आमच्या घरमालकांनाही नवल वाटले होते आणि त्यांनी अनामत रक्कम दुप्पट मागितली होती. एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका करून बसलो होतो, शाळांमध्ये कलाशिक्षकांच्या जागा निघत नव्हत्या, म्हणून वर्ग काढला. सुताराकडून बाभळीच्या डाँकी, म्हणजे बोर्ड टेकवून चित्र काढायची बाके, करून घेतल्या, कारण सागवान परवडत नव्हते. त्या डाँकी आजही डुगडुगत नाहीत, उलट नंतर हौसेने घेतलेल्या प्लायवूडच्या केव्हाच खिळखिळ्या झाल्या. वस्तुचित्रासाठी घरातला पितळी तांब्या, काच तडकलेला कंदील आणि बाजारातली वांगी एवढे सामान पुरले. त्या तांब्याच्या गळ्यावरची लंबवर्तुळे ज्याला साधली, त्याला पुढे कोणतीही वस्तू अवघड गेली नाही.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

2016 चा उन्हाळा मात्र लिहिलाच पाहिजे. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली होती आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा 10 वाघिणींतल्या 5 लाख लिटर पाण्याचे शहराला अप्रूप वाटले. लोक रात्ररात्र घागरी घेऊन रांगेत उभे असताना ब्रश धुवायला पाणी कोणत्या तोंडाने मागायचे? उन्हाळी शिबिर हेच आमच्या वर्षभराचे भांडवल असते, पण नाव नोंदवलेली निम्म्याहून अधिक मुले पालकांनी पाहुण्यांकडे पाठवून दिली, भाडे थकले आणि घरमालकांनी जागा दुसऱ्याला दाखवायला सुरुवात केली. जी मुले उरली, त्यांचे जलरंग बंद करून आम्ही कोळसा, पेन्सिल आणि ऑइल पेस्टलवर आलो. पोस्टर कलरचा सराव टाळता येत नव्हता, तेव्हा तीन डबे ओळीने मांडले : पहिल्यात ब्रशचा रंग सोडायचा, दुसऱ्यात खळबळायचा, तिसऱ्यात शेवटचा हात. रात्रभरात रंग तळाशी बसला की वरचे निवळ पाणी अलगद ओतून घेऊन तेच दुसऱ्या दिवशी पहिल्या डब्यात. स्मरणचित्राला, म्हणजे समोर काही न ठेवता आठवणीतून काढायच्या चित्राला, कोणताही विषय दिला तरी मुले कोपऱ्यात निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या घागरींची रांग काढीत, आणि त्या घागरी इतक्या अचूक असत की त्यांचे प्रमाण शिकवण्याची गरज उरली नव्हती.

त्या दिवसांत वर्ग टिकला तो औसा तालुक्यातल्या एका निवृत्त ग्रामसेवक काकांमुळे. ते प्रौढांच्या वर्गात येत असत. त्यांच्या शेतातल्या बोअरला तळाशी थोडे पाणी होते, दर रविवारी मोपेडवर पायांपाशी एक कॅन ठेवून ते येत आणि कोपऱ्यात उतरवताना बजावीत, "सर, हे ब्रशला नाही बरं का, लेकरांना प्यायला आहे." आगाऊ फी न घेण्याचा आमचा नियम मोडायला लावून त्यांनी तीन महिन्यांचे पैसे टेबलावर ठेवले आणि त्यातूनच त्या महिन्याचे भाडे गेले. शहरातल्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेला 16 रस्ते येऊन मिळतात, तिथे यथार्थदर्शनाचा, म्हणजे दूर जाणारे रस्ते-इमारती लहान होत जाताना दाखवण्याचा, सराव करायला बसण्याची कल्पनाही त्यांचीच. प्रौढांचा वर्ग खरोसा लेण्यांवर रेखाटनाला जातो, तोही त्यांच्याच आग्रहाने.

पाऊस पडला, मुले परतली, आणि आता दोन घास सुखाचे खावेत तोच समोरच्या इमारतीत एका मोठ्या शिकवणीवाल्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांचा झटपट वर्ग उघडला. 'ए ग्रेडची हमी' असा फ्लेक्स लागला, ड्रॉइंग बोर्डाची बॅग फुकट मिळू लागली, त्यांचा माणूस आमच्याच जिन्यापाशी पत्रके वाटू लागला आणि आम्ही तयार केलेले दोन शिक्षक जादा पगारावर तिकडे गेले. तिथे शिकवीत काय, तर बाजार, बसस्थानक आणि वृक्षारोपण अशी तीन स्मरणचित्रे पाठ करून घेत आणि प्रश्नपत्रिकेत कोणताही विषय आला तरी त्यांतलेच एक फिरवून बसवायला सांगत. 2 तासांत स्वतःच्या डोक्याने माणसांची मांडणी करायची, हा त्या पेपरचा सगळा अर्थच त्यात बुडाला. पालकांना ते पटले, कारण दहावीला इंटरमिजिएटच्या ए श्रेणीचे 7, बी श्रेणीचे 5 आणि सी श्रेणीचे 3 गुण वाढून मिळतात आणि लातुरात एका गुणासाठीही माणसे रात्रीचा दिवस करतात. 2020 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि तो फ्लेक्स उतरला. आमची मुले मोबाइलसमोर तांब्या ठेवून चित्रे काढत राहिली. समोरच्या त्या झटपट वर्गातून काही जण नंतर आमच्याकडे आले. त्यांच्या हातातली ती बाजाराची आकृती पुसायला फार वेळ लागला.

प्रवेशाविषयी नेहमी विचारले जाते, म्हणून सांगतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला जातो, वर्ग तो भरू शकत नाही. तेव्हा जून-जुलैत शाळेतल्या कलाशिक्षकांना भेटून घ्यावे. तयारी मात्र त्याआधीच सुरू झालेली असावी, कारण चार पेपरांपैकी भूमिती व अक्षरलेखनाचा पेपर चित्र चांगले असणाऱ्या मुलांनाच बुडवतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला परीक्षेचे नाव काढून आणू नये. मुलांचे वर्ग शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी असतात, मोठ्यांचे वर्ग आठवड्यात दोन दिवस सायंकाळी सातनंतर, म्हणजे दुकान किंवा कचेरी आटोपून येता येते. शुल्क महिन्याचे महिन्याला घेतो, आणि कोणी वर्षाचे एकदम मागत असेल तर दहा वेळा विचार करावा.

बारा ब्रशांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा 8 क्रमांकाचा एकच चांगला गोल ब्रश घ्यावा. तो पाण्याच्या डब्यात उभा ठेवून विसरला की टोक वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. पेन्सिल टोकयंत्रात न घालता ब्लेडने लांब टोक काढावे, मुले लहान असतील तर ते मोठ्यांनी काढून द्यावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, ओढेपर्यंत तो वाळून जातो, तेव्हा कागद आधी ओला करून घ्यावा आणि पंखा बंद ठेवावा, घाम आला तरी चालेल.

पहिल्या दिवशी 2बी आणि 4बी पेन्सिल, खोडरबर आणि चित्रकलेचे चार-पाच जाड कार्ट्रिज कागद आणावेत. बोर्ड वर्गात मिळतो. मोठ्यांनी 'आता या वयात हात बसेल का' हे फोनवर न विचारता रविवारी येऊन डाँकीवर तासभर बसावे. पालकांनी मुलाला वर सोडून खाली थांबावे. मुलाच्या कागदावर स्वतः पेन्सिल चालवणाऱ्या पालकांना आम्ही वर बसू देत नाही.